दगडावरची मोकळी जागा

लष्करात भरती झालेल्यानं गाव सोडायच्या आधी हुतात्मा स्तंभापुढं नारळ फोडायचा, ही हातकणंगल्याजवळच्या त्या गावाची रीत. यंदा पहिल्यांदाच नारळ एका पोरीच्या हातात होता. रक्षिता परवा निघणार होती.

तिची आई निर्मला स्तंभाकडं बघतच राहिली. काळ्या दगडावर सात नावं होती आणि सातवं तिच्या भावाचं, चन्नवीरचं. बावीस वर्षं दर राखीपौर्णिमेला ती तेवढंच नाव वाचून माघारी फिरायची. आज मात्र नजर खाली घसरली. नावाखाली हातभर जागा गुळगुळीत घासून कोरी ठेवलेली.

"सरपंच, ही जागा कशाला सोडलीया?"

"पुढं कुणाचं..." शांतिनाथ सरपंचांची नजर रक्षितावर गेली आणि त्यांनी मान खाली घातली.

म्हणजे गावानं पुढच्यांची सोय करून ठेवली होती!

"नारळ पिशवीत घाल," निर्मला लेकीला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पाथरवटाला स्कूटीवर मागं बसवून घेऊन आली. परवानगी कुणाची, असं विचारणाऱ्याला तिनं "माझ्या भावाची" एवढंच सांगितलं. दिवसभर छिन्नी वाजली. चन्नवीरच्या नावाखालून निघालेली वेल संध्याकाळी पार तळाला टेकली. पानाला पान लागलेलं, मधे बोट ठेवायला जागा नाही.

सरपंच चाचरत म्हणाले, "निर्मलाक्का, उद्या वेळ आलीच तर?"

"तर दुसरा दगड हुडका. ह्यो भरलाय."

मग तिनं पिशवीतला नारळ काढून लेकीच्या हातात दिला.

"आता फोड."