एमिलचा डावा कान

ऑक्टोबर संपत आला की लाइल गाडी गॅरेजमध्ये घालतो, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात कुणाचा पाय ठरत नाही. म्हणजे त्याचा ठरत नाही आणि त्याच्यामुळे माझाही. बॅटरी काढून तळघरात ठेवायची, उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या दोन्ही नळ्यांत तारेच्या घासण्या कोंबायच्या, वरून जुनी रजई टाकायची. काम तेवढंच. पण हा माणूस दिवसातून तीनदा जाऊन बघून येतो. जेवता जेवता उठतो. विचारलं तर म्हणतो, "गाडीचा दिवा राहिला वाटतं."

"बॅटरी माझ्या बटाट्यांशेजारी पडलीय, लाइल. कुठला दिवा?"

तरी जातो. मग बराच वेळ येत नाही. मी खिडकीतून पाहते तर रजई अर्धी वर करून आत स्टिअरिंगमागे बसलेला, डोक्यावर कानटोपी.

आमच्या मिशिगनमध्ये बर्फ पडला की मिठाचे ट्रक निघतात ते थेट एप्रिलपर्यंत. मिठाने रस्ता मोकळा होतो आणि गाड्या खालून कुजतात. सहा-सात हिवाळ्यांत चांगल्या गाडीची चाळणी होते. आमची पॉन्टिॲक एकोणसत्तरची, गर्द हिरवी, दोन दारांची. लाइलने ती चौऱ्याहत्तरमध्ये घेतली, तेव्हापासून चोवीस हिवाळे तिला मिठाचा कण लागलेला नव्हता. ट्रक थांबले पाहिजेत, वर दोन जोरदार पाऊस पडून रस्ते धुतले गेले पाहिजेत, तेव्हाच ती बाहेर. आमच्या मुलीचं लग्न मार्चमध्ये झालं, तरी बाहेर निघाली नाही.

इंजिन मात्र लाइलचं नव्हे, एमिलचं. एमिल कॅझमारेक आणि लाइल इंजिनांच्या कारखान्यात एकवीस वर्षं एकाच लाइनवर होते. एमिलचा उजवा कान लहानपणी गालगुंडात गेलेला. राहिलेल्या डाव्या कानाने तो चालत्या इंजिनापाशी उभा राहायचा आणि आत काय चाललंय ते सांगायचा. आमच्या गाडीचं इंजिन त्याने दोनदा पूर्ण उघडून बांधलं होतं. निवृत्त झाल्यावर तो आणि त्याची बायको बर्नाडीन दीडशे मैल उत्तरेला, त्याच्या वडिलांच्या बटाट्याच्या शेतावर राहायला गेले.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी त्याचा फोन आला. एमिल फोनवर ओरडूनच बोलतो, मला स्वयंपाकघरात उभ्याने सगळं ऐकू येत होतं.

"पुढच्या गुरुवारी माझा कान काढतायत."

"काय काढतायत?"

"कान तिथेच राहील रे. ऐकू येणं काढतायत. आत मागे गाठ आहे. डॉक्टर म्हणतो, गाठ काढताना नस जाणार. ठेवली तर मी जाणार." मग, "लाइल, गाडी घेऊन ये."

"आत्ता?"

"गुरुवारच्या आधी."

"एमिल, रस्त्यावर मीठ आहे."

मग एमिल एकदम हळू बोलला, इतका हळू की मला ऐकू आलं नाही. लाइलने नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "हो, खरंच की. मग राहू दे."

त्या "राहू दे"ने लाइलची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून रेडिओवर हवामान लावलेलं. पाऊस नाही, नुसती थंडी. त्याने काउंटीच्या रस्ते विभागाला फोन करून विचारलं, की ट्रक कधी थांबतील. पलीकडची बाई हसली असावी, कारण त्याने फोन आपटला. मग भाड्याने ट्रेलर बघून आला. उघडा ट्रेलर, म्हणजे मीठ उडायचंच. "आणि ओढत नेऊन त्याच्या अंगणात घुरघुर करायची?" तो स्वतःशीच बोलत होता. "त्याला चालती गाडी ऐकायचीय."

शनिवारी त्याने बॅटरी लावली, गॅरेजचं दार उघडलं, गाडी सुरू केली आणि एमिलला टेप पाठवता येईल म्हणून मुलीचा जुना टेपरेकॉर्डर बॉनेटवर ठेवला. मग टेबलावर टेप लावून मला ऐकवली.

"कशी वाटते?"

"आपल्या मिक्सरसारखी."

तो चिडला नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. त्याने कॅसेट काढून खिशात घातली आणि बॅटरी पुन्हा तळघरात आणून ठेवली.

सोमवारी सकाळी अंडी त्याच्या ताटात तशीच गार झाली. मी म्हटलं, "मिठाचं कारण मला सांगू नकोस. तेवढंच असतं तर तू शिव्या देत का होईना, गेला असतास."

तो काट्याने अंड्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "सप्टेंबरपासून टिकटिक येतेय. थंड असताना येते, गरम झाली की जाते. व्हॉल्व्हची असणार. मी झाकण काढून दोनदा पाहिलं, मला सापडत नाही. मीच काहीतरी बिघडवलंय, आर्डिथ. त्याने बांधलेलं इंजिन. आता शेवटचं म्हणून त्याला हे ऐकवू?"

म्हणजे या हिवाळ्यात हा गॅरेजमध्ये बसत होता तो गाडीच्या ओढीने नव्हे; त्या टिकटिकीच्या धास्तीने.

मंगळवारी पहाटे उठून तळघरातून बॅटरी मीच वर आणली. चाळीस पौंडांची ती वस्तू, पायरीपायरीवर टेकवत. लाइल दारात बनियनवर उभा. मी म्हटलं, "घासण्या तू काढ. त्या नळ्यांत माझा हात जात नाही."

रस्ता मिठाने पांढराफटक होता, सुका, धुळीसारखा. पहिले वीस मैल लाइलने रेडिओही लावू दिला नाही. खालून खडा उडून आपटला की त्याचे खांदे वर जात, जणू खडा त्याच्याच पाठीत लागला. पुढे रस्ता ओला लागला, आणि एका मोठ्या ट्रकने चिखलमीठ अख्ख्या काचेवर उडवलं तेव्हा त्याने तोंडातल्या तोंडात जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. स्टिअरिंग जड, हीटर माझ्या डाव्या पायालाच तेवढा भाजणारा, केसांना पेट्रोलचा वास. एकदा पेट्रोलला आणि एकदा काच पुसायला थांबलो, आणि दोन्ही वेळा कुणीतरी येऊन सांगितलंच, की माझ्या काकाकडे अशीच होती. दुसरा म्हणाला, "या हवेत बाहेर काढलीत? डोकंबिकं फिरलंय का?"

"फिरलंय," लाइल म्हणाला.

एका वळणावर मागची चाकं घसरली. ही गाडी मागच्या चाकांवर ढकलली जाते आणि ताकद इतकी, की ओल्या रस्त्यावर पाय थोडा जरी जड पडला तरी ती आडवी व्हायला बघते. आम्ही शेजारच्या लेनमध्ये अर्धं तोंड फिरवून पुन्हा सरळ झालो. परत फिरू या, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

एमिल फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होता. डोक्यावर टोपी नाही, डावा कान आमच्या दिशेने केलेला. बर्नाडीन मागून कोट घेऊन धावत येत होती. "दहा मिनिटं असाच उभा आहे! म्हणे, आली. मला तर काही ऐकू येत नव्हतं."

लाइलने काच खाली केली. "एमिल, आधीच सांगतो. एक टिकटिक आहे."

"मला काही सांगू नकोस. बंद कर. थंड होऊ दे."

बर्नाडीनने कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा आणि काळा ब्रेड वाढला. एमिल जेवला नाही. दर दहा मिनिटांनी उठून बॉनेटवर हात ठेवून यायचा. "अजून गरम." पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. बर्नाडीन म्हणाली, "परवा ऑपरेशन आहे, आणि याला काळजी कसली, तर बघा." मग तीच उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

तीन वाजता एमिलने रबराच्या नळीचा एक तुकडा आणला. एक टोक कानाला लावलं, दुसरं हातात धरलं. "कर सुरू."

टिकटिक आली. उघड्यावर, थंडीत, ती सकाळी गॅरेजमध्ये आली त्यापेक्षा कितीतरी मोठी वाटली. लाइल स्टिअरिंगमागे मान खाली घालून बसला. एमिल नळीचं टोक इंजिनाच्या वर फिरवत गेला, मग बाजूला, मग खाली वाकून मागे. थांबला. डोळे मिटले.

"गाढवा," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह नाही. एक्झॉस्टचा मागचा बोल्ट ढिला आहे. फटीतून हवा मारतेय. तापलं की लोखंड फुगतं आणि फट बंद होते. पाना दे."

पान्याचा पाव वळसा. टिकटिक गेली.

लाइल खाली उतरला, इंजिनाकडे पाहत राहिला आणि मग हसायला लागला. हसता हसता त्याने तोंड फिरवलं. एमिलने नळी खिशात घातली. "हसतोस काय? कधीपासून तसाच फिरवत होतास?"

"फिरवत नव्हतो. अख्खा हिवाळा बसून होतो."

मग एमिलने गाडी घेतली. बर्नाडीन आली नाही. मी मागे, लाइल त्याच्याशेजारी. शेतांमधून तळ्याकडे जाणारा चार मैलांचा सरळ रस्ता. सगळ्या काचा खाली, बाहेर पाणी गोठवणारी थंडी. एमिल पहिल्या गिअरपासून चौथ्यापर्यंत जायचा, तळ्यापाशी वळायचा, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं होतं तो खूश होईल, काही बोलेल. तो कारखान्यात काम करताना दिसायचा तसाच दिसत होता, कपाळाला आठ्या. सहा फेऱ्या. माझे ओठ बधीर झाले. मिठाचा चिखल दारांवरून आत उडत होता, आणि लाइल चकार शब्द बोलला नाही.

अंगणात आल्यावर एमिलने किल्ली फिरवली. मी उतरायला लागले.

"थांब," तो म्हणाला. गार होणारं लोखंड बॉनेटखाली चटचट करत होतं. ते थांबेपर्यंत आम्ही तिघं बसून राहिलो.

ऑपरेशन नीट झालं. गाठ सगळी निघाली, आणि डॉक्टरने सांगितलं होतं तेच झालं.

चालताना तोल सावरायला त्याला चार महिने लागले. जूनमध्ये आम्ही पुन्हा गाडी घेऊन गेलो. एमिलच्या गळ्यात दोरीला वही आणि पेन्सिल. त्याने वहीकडे पाहिलंही नाही, सरळ स्टिअरिंगमागे बसला. या गाडीत इंजिनाचे फेरे दाखवणारं घड्याळ नाही. गिअर कधी बदलायचा ते कानानेच कळायचं. एमिलने दुसऱ्यात टाकली आणि तिथेच ठेवली. इंजिन किंचाळायला लागलं. "बदल!" मी मागून ओरडले आणि लगेच गप्प झाले. लाइलने त्याचा दंड धरला. एमिलने गोंधळून भलताच गिअर टाकला, दात करकरले, गाडी हिसके देत थांबली.

तो उतरला आणि बटाट्याच्या शेताच्या कडेने तरातरा चालत गेला. लाइल मागे गेला. मला दुरून दिसत होतं: एमिल हातवारे करून ओरडतोय, लाइल वहीत लिहितोय, एमिल ते पान फाडून फेकतोय, लाइल दुसरं लिहितोय. नंतर मी विचारलं काय लिहिलंस. "पहिल्या पानावर माफी मागितली. दुसऱ्यावर लिहिलं, उन्हात उभं राहून माझं डोकं तापलंय, चल."

परत येऊन लाइल शेजारी बसला आणि त्याने एमिलच्या मांडीवर दोन बोटं ठेवली. इंजिन वर चढलं की टकटक. एमिल गिअर बदलायचा. कधी टकटक लवकर व्हायची, कधी उशिरा.

"तुझ्या बोटांना गंज चढलाय!" एमिल ओरडला. आपण किती मोठ्याने बोलतो ते आता त्यालाच कळत नाही.

त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी आम्ही जातो. लाइलने फेऱ्यांचं घड्याळ आणून बसवलं, ते एमिलने पुढच्याच खेपेला काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाला, "डोळे रस्त्यावर ठेवू की या डबड्यावर?" त्याची चिडचिड होते, वळणावर तोल जातो, एकदा बर्नाडीनने येऊन आम्हां दोघांना झापलं की त्याला जरा सुखाने बसू द्या. पण बसायचं कुणाला होतं?

मागच्या रविवारी त्याने निघायच्या आधी उजव्या पायातला बूट काढला. मोजाही काढला. उघडा पाय थरथरत्या पेडलवर ठेवून तो थोडा वेळ तसाच बसला, गाडी जागेवर चालू. मग निघालो. दुसरा गिअर, तिसरा. लाइलची बोटं हवेतच राहिली. चौथा. तळ्यापर्यंत लाइलने एकदाही टकटक केलं नाही, आणि एमिलने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तळ्यापाशी सावली होती, बाक होता, मी डब्यात सँडविच आणली होती. मी दार उघडायला गेले.

"उतरू नकोस," एमिल म्हणाला, आणि त्याने गाडी वळवली.