सकाळची गोळी

शिंप्याने पिशवी टेबलावर उलटी केली आणि गोळ्यांची पाकिटं घसरत थेट डॉक्टरीणबाईंच्या कोपरापर्यंत गेली. एक खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि अर्ध्यावरच अडकला. शेवटी सुनेने उचललं.

"अकरा प्रकार आहेत," ती म्हणाली. "जेवणापेक्षा गोळ्यांनीच पोट भरतं बाबांचं."

सहा वर्षांची पाठदुखी, तीन डॉक्टर आणि प्रत्येकाच्या चिठ्ठीवर तीच ओळ: पूर्वीचंच चालू ठेवा. या नव्या बाई मात्र एकेक पाकीट हातात घेऊन विचारत होत्या.

"ही कशासाठी?"

"पोट साफ होत नाही म्हणून."

"आणि ही?"

"चक्कर येते."

"दोन्ही त्रास या पाठीच्या गोळीचेच दिसतात. ती हळूहळू कमी करून बघू."

शिंप्याचा पाय खुर्चीखाली वरखाली होऊ लागला. याच भीतीने तो यायला राजी नव्हता. दुखणं कमी सांगितलं की गोळी जाते, हे तो दवाखान्यांच्या बाकांवर बसून शिकला होता.

"दहापैकी आठ दुखतंय," त्याने न विचारताच सांगून टाकलं.

"आणि गोळी घेतल्यावर?"

"आठच की."

पाय थांबला. सून ओठ दाबून भिंतीकडे बघू लागली. बाई हसल्या नाहीत.

"खोटं नाही बोलत मी, बाई."

"माहीत आहे. एकदम काहीच बंद करायचं नाही. दिवसाला तीन घेता, त्यातली एक अर्धी करू. त्रास वाढला तर त्याच दिवशी फोन करा. कुठली करू? सकाळची, दुपारची की रात्रीची?"

"ते तुम्हीच ठरवायचं ना?"

"पाठ तुमची आहे."

तो चुळबुळला. रात्रीची कमी केली तर झोपेचं खोबरं. सकाळची घेतली की तासाभरात डोळ्यांवर झापड येई, टाके वाकडे जात. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा हल्ली कापड दुसरीकडे टाकत होती.

"दुखेल का?"

"थोडं दुखेल."

इतकं सरळ त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"सकाळची करा," तो म्हणाला. मग खिसा चाचपत, "यायच्या गडबडीत आजची राहिलीय."

त्याने गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली. तिने ती मधोमध तोडली.

दोन तुकड्यांतला मोठा कुठला, हे तो बराच वेळ निरखत राहिला.