पट्ट्यातली झाडं

खोडावर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला, आणि त्याच्या कडेवर चढत आलेली साल... झाड बिल्ला गिळतंय, म्हणजे तब्येत झकास. सगळी अशीच निघाली तर दाजींना दुसरा हप्ता, ताईच्या घरावर आणखी एक मजला आणि आपल्याला पुढची मोजणी. एका सहीत तिघांचं भलं – चौथी कोण, ते दाजी भाषणात सांगतात : पृथ्वी.

त्यानं छातीच्या उंचीवर फीत गुंडाळली. घेर उत्तम. शेजारचाही उत्तम. पाहुणे यायच्या दिवशी तेल-पावडर करून दारात उभी केलेली पोरं जशी.

दाजींची कमालच. ज्यांना विमानातून उतरवत नाही त्यांच्याकडून त्यांच्या धुराची भरपाई म्हणून पैसे घ्यायचे, त्यात तोडलेलं रान पुन्हा उभं करायचं, आणि रानानं एवढा धूर पोटात साठवला असा दाखला द्यायचा – दाखल्यावर सही मेहुण्याची! चारचौघांत जेवताना म्हणाले होते, "आमचा मेहुणा भलता कडक हो. घरचा असून सोडत नाही." सगळे हसले... आपणही हसलो, ताई वाढत होती म्हणून.

खोडांवर पांढऱ्या खुणा केलेला मोजणीचा पट्टा संपला तिथून तो पुढं गेला आणि थांबला. कमरेइतकं गवत. त्यात वाळक्या काटक्या – कधीतरी रोपं असलेल्या.

"आणि ही?" त्यानं पाणी घालणाऱ्या बाईला विचारलं.

"ती कुठं मोजायचीत?" ती म्हणाली. "साहेब म्हणाले, मोजणी पट्ट्यातल्या झाडांची. मग पाणी पट्ट्यातल्यांनाच. एक तरी मेलंय का बघा, दादा!"

पट्ट्यातली झाडं म्हणजे नमुना. त्यावरून अख्ख्या रानाचा हिशेब. आणि यांनी इमानेइतबारे नमुनाच वाढवला होता.

"तुमची सही झाली की मजुरी सुटेल ना? उन्हाळ्यापासून अडकलीय."

बावळट, तो मनात म्हणाला... पण शब्द कुठं चिकटेना. हिला तर नाहीच. दाजींनाही नाही – दाजी निदान कष्ट घेऊन फसवतात. आपण? वर मनात शिव्या, खाली कागदावर सह्या. तुच्छता फुकट मिळते, म्हणून तर इतकी वर्षं परवडली.

"काय झालं, दादा? काही चुकलं का आमचं?"

सही केली तर किंमत भरणार हवा, नाही केली तर ही बाई. विमानवाले पैसे भरून मोकळे झाले; दाजी कधीच भरत नाहीत; आणि त्याच्या स्वतःच्या नावापुढं – हे आज पहिल्यांदाच दिसलं – भरलेलं काहीच नव्हतं.