केकमागची अक्षरं

मी एक जुनी घडीची पडदी आहे, मित्रांनो. आठ पानांची, पुरुषभर उंच. नुसती पडदी म्हणून नाक मुरडू नका. न्हाणीपुढे आडोशाला उभी करतात तसली मी नव्हे. माझं घराणं दक्षिण कोरियातल्या जिंजू गावचं. माझ्या पोटावर रेशमाची फुलं आहेत आणि पाठीवर काळी अक्षरं. ती अक्षरं मला वाचता येत नाहीत. मी शिकलेली नाही, आणि त्याची मला लाजही वाटत नाही. ज्या घराची मी आहे, त्या घरात तरी आता ती कुणाला वाचता येतात?

फुलं बोंग-सुनने भरली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं. दोन हिवाळे ती मान खाली घालून बसली. टाक्यावर टाका, टाक्यावर टाका. मोठाली लाल फुलं, फुटलेली डाळिंबं आणि सहाव्या पानावर पायाशी लाव्यांची जोडी. त्यातल्या एका लाव्याला डोळाच नाही. लग्नाची तारीख आली आणि डोळा राहून गेला. मग कारागिराने पाइनच्या चौकटी केल्या, तुतीच्या सालीच्या कागदाचे थर गव्हाच्या खळीने चिकटवले. माझ्या बिजागऱ्यासुद्धा कागदाच्या आहेत. लोखंड कशाला हवं? नीट केलेला कागद माणसापेक्षा जास्त टिकतो.

पाठ कोरी होती. तिच्यावर बोंग-सुनच्या सासऱ्यांनी अक्षरं लिहिली. गावातल्या मुलांना ते जुनी चिनी अक्षरं शिकवायचे. एका सकाळी त्यांनी शाई उगाळली, आठही पानं लिहिली आणि मगच जेवायला उठले.

आता नियम ऐका, मित्रांनो. लग्न असो, मुलाचा पहिला वाढदिवस असो, कुणाची साठी असो, फुलं पुढे. मयत असो, श्राद्ध असो, अक्षरं पुढे. एवढंच. जिंजूतलं शेंबडं पोरसुद्धा यात चुकत नाही.

चुकायला अमेरिकेहून माणूस यावा लागला.

बोंग-सुनची एकुलती एक मुलगी हे-रान. जवळच्या कोजे बेटावर जहाजं बांधतात, तिथे ती कचेरीत होती. तिथेच रसेल होता. जहाजाला रंग नीट बसला की नाही, किती थर झाले, कुठे पोपडा धरला, हे तपासायचं त्याचं काम. सहा फूट उंच, दारातून येताना प्रत्येक वेळी कपाळ आपटणार आणि प्रत्येक वेळी दाराची माफी मागणार. बोंग-सुनचा नवरा चांग-गिल याला तो पहिल्या दिवसापासून आवडला. बोंग-सुनला आवडला की नाही, हे तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

जिंजूतलं लग्न रीतसर झालं. फुलं पुढे. पण रसेलची आई लोइस हिला व्हर्जिनियात आपल्या माणसांसाठी दुसरा समारंभ हवा होता. बोंग-सुनने मला गोधडीत गुंडाळून हे-रानबरोबर धाडलं. लोइस बाई मनाने चांगली. तिने मला दिवाणखान्यात उघडलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, ही काळी अक्षरं किती भारदस्त दिसतात!"

झालं. तीन मजली केक मधोमध, एका बाजूला नवरा, एका बाजूला नवरी आणि त्यांच्या मागे मी, मयताला उभी करतात तशी! हे-रानने पाहिलं तेव्हा फोटोवाला बोटांनी तीन, दोन, एक मोजत होता. ती हसली. फोटो निघाला.

लोइसने तो मोठा करून, सोनेरी चौकटीत घालून जिंजूला पाठवला. पार्सल उघडल्या उघडल्या बोंग-सुनने फोन लावला.

"तू लग्नाला उभी होतीस की मयताला?"

"आई, त्यांना काय माहीत असणार!"

"त्यांना नसेल. तुला होतं ना? तोंडात काय केक होता?"

"हो, केकच होता."

"मग चावत बस!"

बोंग-सुनने तो फोटो कपाटात गोधड्यांखाली पालथा घातला. पुढची आठ वर्षं त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. म्हणजे बोंग-सुन सोडून कुणी बोललं नाही.

माझं पुढे काय झालं ते विचारूच नका. पण तुम्ही विचारणार, म्हणून सांगते. व्हर्जिनियात मला रसेलच्या पळायच्या यंत्रापुढे उभं केलं. आत तो धापा टाकतोय आणि बाहेर मी त्याची लाज झाकतेय. मांजरीने डाळिंबांवर नख्या घासल्या. मग कंपनीने त्याला पनामाला धाडलं. तिथली हवा म्हणजे ओला पंचा. माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या पानामधली बिजागरी सुटली. रसेलने काय करावं? जहाजावर वापरतात ती चंदेरी चिकटपट्टी आणली आणि माझ्या पाठीवर वरपासून खालपर्यंत दाबून बसवली. वर थाप मारून म्हणाला, "आता हलणार नाही." हलणार नाही! घडीच्या पडदीचं कामच हलायचं आहे, हे त्याला कुणी सांगावं?

आम्ही पनामात असतानाच चांग-गिल गेला. पाच दिवसांचं कार्य तिसऱ्याच दिवशी उरकलं, हे-रान विमानातच होती. त्या वेळी मी तिथे नव्हते. ज्या कामासाठी माझी पाठ लिहिली, त्या दिवशी मी समुद्रापलीकडे पळायचं यंत्र झाकत होते. याचा राग मला अजून आहे.

वर्षभरात कंपनीने रसेलला पुन्हा कोजेला आणलं. बाराव्या मजल्यावर घर, खिडकीतून जहाजांच्या क्रेन दिसतात. चांग-गिलचं पहिलं श्राद्ध तोंडावर आलं आणि मायलेकींची जुंपली. चांग-गिलच्या पुतण्याने निरोप धाडला होता, की मुलगा नाही तर श्राद्ध आम्ही घालू, दर वर्षी. हे-रानला ते आपल्या घरी हवं होतं. बाप गेला तेव्हा पोचता आलं नाही. निदान वर्षातून एकदा त्याने आपल्या दारात यावं, एवढंच तिचं म्हणणं.

"तुझ्या घरी?" बोंग-सुन फोनवर म्हणाली. "जिथे मयताची बाजू केकमागे लावतात, तिथे? या वर्षी येते मी. बघते. एक चूक झाली तर पुढच्या वर्षीपासून पुतण्याकडे."

"मग ही पडदी तरी कशाला ठेवू? पुतण्याकडे आहेच की छापील!"

"नको ठेवूस!"

हे-रानही तिचीच लेक. तणतणत गेली, नगरपालिकेची मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी विकत आणली आणि माझ्या चौकटीला डकवली. ती चिठ्ठी लावली की सामान खाली ठेवायचं, गाडी घेऊन जाते. मित्रांनो, दोन हिवाळे भरलेली मी, आणि माझ्या अंगावर मोडक्या कपाटाची चिठ्ठी! पण खाली मात्र मला तिने नेलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी बोंग-सुन बसने आली. दोन बोचकी, एक चेहरा. आल्या आल्या तिने नासपती दाबून पाहिल्या, सुकी मासळी उलटी केली, रश्शात बोट बुडवलं आणि काहीच बोलली नाही. म्हणजे सगळं ठीक होतं. रसेल काळ्या कोटात उभा. त्याने मला भिंतीशी उघडून ठेवलं होतं. अक्षरं पुढे! पहिल्यांदाच बरोबर. मी मनात म्हटलं, सुटले.

तेवढ्यात तिची नजर चंदेरी पट्टीवर गेली.

"हे काय?"

"चिकटपट्टी, आई," रसेल म्हणाला.

"ते दिसतंय, डोळे आहेत मला. लावली कुणी?"

"मी. पनामात. फार मजबूत आहे. जहाजाला लावतो आम्ही."

"मग जहाजाला लावा ना, जावईबापू! माझ्या सासऱ्यांच्या अक्षरांना कशाला? त्यांचा मुलगा आज इथे जेवायला येणार आणि बघणार काय, तर ही गटाराची पट्टी?"

"काढतो मी. गरम हवा देऊन हळूहळू निघते. दहा मिनिटं द्या."

"दहा मिनिटं! आठ वर्षं दिली तुम्हाला!"

"आई, थांबा. ओढू नका..."

तिने ओढली. वरून खाली, एका दमात. फर्रर्र. मला आवाज आधी आला, दुखलं नंतर. पट्टीबरोबर तिसऱ्या पानावरचं एक अख्खं अक्षर सोलून निघालं. पट्टी तिच्या बोटांना चिकटली, मग स्वतःलाच चिकटली. उलगडायला गेली तर आत नुसता काळा लगदा.

रश्शावरचं झाकण तेवढं खडखडत होतं.

"कोणतं अक्षर होतं ते?" हे-रानने हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक!"

"अगं, चाळीस वर्षं तू त्याच्यासमोर..."

"वाकत होते! वाचत नव्हते. मला कुणी शिकवलं होतं? तुझ्या बापाला यायचं. तो गेला." बोंग-सुन मटकन खाली बसली. हात मांडीवर, पट्टी अजून बोटाला लटकलेली. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एक चूक झाली तर पुतण्याकडे, असं ती म्हणाली होती. आणि चूक तिनेच केली.

सहा वाजले. फाटकी पाठ पुढे ठेवून पितराला बोलावता येत नाही.

"फिरवा तिला," बोंग-सुन म्हणाली.

रसेल जागचा हलेना. "फुलं? पण आई, मी पाठ केलंय. लग्नाला फुलं, श्राद्धाला अक्षरं."

"आता तुम्ही मला शिकवणार? फिरवा म्हणते ना!"

त्याने फिरवलं. ताटाच्या मागे लाल फुलं, फुटलेली डाळिंबं. हे-रानने मद्याचा पेला भरला, रसेलने उदबत्तीवरून तीनदा फिरवला. दोघं वाकली. बोंग-सुन मात्र सहाव्या पानाकडे बघत राहिली.

"दर लग्नात हा माणूस पाहुण्यांच्या पाठींमधून डोकावून बघायचा," ती म्हणाली. "एवढंच म्हणायचा, तुझा लावा आंधळा आहे. चाळीस वर्षं तीच थट्टा." मग ताटाकडे वळून जरा मोठ्याने, "घ्या. आज कुणी आड येत नाही. बघून घ्या पोटभर."

जेवणं चालू असताना पुतण्याच्या बायकोचा फोन आला. काकू, मग पुढच्या वर्षीपासून आमच्याकडे ना?

"नाही," बोंग-सुन म्हणाली. "इथेच. तुमच्याकडची पडदी छापील. ती चुकत नाही, फाटत नाही. माझ्या चुका मला इथेच चालतील." आणि फोन ठेवून हे-रानवर डाफरली, "रडतेस काय? भात वाढ."

हे-रानने डोळे पुसत वाढला. रसेलने घास थांबवला.

"आई, ते अक्षर आहे. फोटोत आहे."

"कुठल्या फोटोत?"

"जो तुम्ही कपाटात पालथा घातलाय. केकच्या वर, हे-रानच्या आणि माझ्या डोक्याच्या मधे. स्वच्छ दिसतं."

बोंग-सुनने ताट जवळ ओढलं. "केक जरा उंच असता तर?"

"तर गेलं असतं."

"तुमच्या आईला म्हणावं," ती भात कालवत म्हणाली, "केक बेताचा केला, बरं केलं."

त्या रात्री रसेलने गरम हवा देऊन कचऱ्याची चिठ्ठी काढली. अलगद निघाली, डागसुद्धा राहिला नाही. दहा मिनिटं लागली. बोंग-सुनने घड्याळ पाहिलं आणि तोंड फिरवलं.

पुढच्या आठवड्यात जिंजूच्या एका म्हाताऱ्या लेखनिकाने भिंगातून फोटो पाहून माझ्या पाठीवर नवा कागद बसवला आणि अक्षर लिहिलं. अर्थ सांगायला त्याने तोंड उघडलं, तर बोंग-सुन म्हणाली, "आधी वाळू दे. अर्थ मी विचारीन तेव्हा सांगा." अजून तिने विचारलेलं नाही. बिजागरी रसेलने लावली, गव्हाची खळ आणि तुतीचा कागद, थर वाळल्यावर दुसरा थर. थर वाळू द्यायचं त्याला कळतं. ते त्याचं कामच आहे.

आता कंपनी त्यांना पुन्हा कुठेशी धाडतेय. मला गोधडीत गुंडाळतील, मी पुन्हा बोटीत बसेन. केकचा फोटो जिंजूत बोंग-सुनच्या भिंतीवर आहे, चांग-गिलच्या शेजारी. येणारी-जाणारी विचारतात, लग्नाच्या फोटोत ही बाजू कशी? ती म्हणते, "मीच सांगितलं होतं तशी लावायला."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी म्हातारी वस्तू असेल. तिला उन्हात टाकू नका, ओलीत कोंबू नका. तिच्यावर काय लिहिलंय ते वाचता येणारं माणूस घरात आहे तोवर त्याला विचारून घ्या. मागून मग केकमागे शोधायची वेळ येते. आणि हात जोडून सांगते, ती चंदेरी पट्टी जहाजालाच लावा.