पडद्यावर माझ्या नवऱ्याचा शर्ट

डॉक्टर, माझ्या दिराकडून तुम्ही मशीनचं कौतुक वदवून घेतलंत. तुला भाऊ आहे का, एवढं मात्र विचारलं नाहीत. तो भाऊ माझा नवरा आहे, आणि तो आता बरा होणार नाही.

ऑपरेशन वाईट केलंत असं मी म्हणत नाही. तुमचा हात चांगला आहे, रोबोटचाही असेल. माझं भांडण ऑपरेशनशी नाही.

या दोघा भावांचं काचेचं दुकान आहे. खिडक्या, आरसे, टेबलावरच्या काचा. थोरला, म्हणजे माझा दीर, कापतो, धाकटा कडा घासतो, आणि मोठी काच दोघं दोन टोकांना धरून उचलतात. गेल्या वर्षी थोरला दवाखान्यात राहून आला. काय झालं होतं, तर म्हणे मुतखडा. जाऊबाईही तोंड फिरवून म्हणाल्या, "मुतखडाच." वजन उचलायचं नाही, असं सांगितलं होतं म्हणे.

माझ्या नवऱ्याला चेष्टेला तेवढंच पुरलं. "दादा, एवढा मोठा खडा होता तर घरी आणायचास की! काचेच्या पेटीत ठेवून तिकीट लावलं असतं."

दादा खो खो हसला आणि हसता हसता एकदम गप्प होऊन आत गेला. बाहेर आला तेव्हा पँट बदललेली होती. आम्हाला वाटलं, काहीतरी सांडलं असेल. त्यानंतर तो गडद रंगाच्याच पँटी घालू लागला, तेही आमच्या लक्षात आलं नाही. आपल्याच माणसाकडे कोण इतकं बघतं?

दादाच्या वाटचं ओझं माझ्या नवऱ्याने उचललं. पाठ दुखायला लागली तेव्हा आम्ही काचेला शिव्या दिल्या. मलम झालं, पट्टा झाला. रात्री लघवीला उठायचा, ते वयावर घातलं. एक दिवस दुकानातच पाय लुळा पडला. मग फोटो, रक्त, सुई टाकून तुकडा काढला, आणि शेवटी तुमचा दवाखाना.

तुमच्या हाताखालच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता?"

"नाही बुवा," नवरा म्हणाला. "वडील लघवी तुंबून गेले. तेव्हा कोण नाव विचारत होतं! भावाला मुतखडा होता, तेवढंच."

आम्ही बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर भिंतीवर टीव्ही चालू होता, आवाज बंद. मला आधी शर्ट दिसला. पांढऱ्यावर बारीक निळ्या रेघा, आणि खिशाच्या कोपऱ्याला मी घातलेला टाका. दादाने लग्नाला जायचंय म्हणून मागून नेलेला. त्या शर्टात दादा बसला होता, तुमच्या मशीनशेजारी, केस चापून बसवलेले. खाली अक्षरं सरकत होती: प्रोस्टेटच्या कॅन्सरवर रोबोटने ऑपरेशन, आता मी ठणठणीत.

नवऱ्याने टीव्हीकडे बोट केलं. मग म्हणाला, "हा माझा शर्ट आहे."

भाऊ आहे, असं नाही म्हणाला.

आत तुम्ही नीट समजावलंत, खोटं का बोलू. गाठ ग्रंथीतच असती तर वाटा बऱ्याच होत्या. फार हळू वाढणारी असेल तर तपासण्या करत नुसती नजर ठेवायची, नाहीतर किरणांचा शेक, नाहीतर ग्रंथी काढून टाकायची. आता ती हाडांत गेली आहे. इंजेक्शनं आणि गोळ्या देऊन आटोक्यात ठेवायची.

"आणि मशीन?" नवऱ्याने विचारलं.

"त्याचा आता उपयोग नाही."

मी तुम्हाला शर्टाचं सांगितलं. तुम्ही चष्मा काढलात आणि माझ्या नवऱ्यावरच चिडलात. "सख्ख्या भावाला झालेला आणि तुम्ही साधी रक्ताची तपासणी केली नाहीत? असा भाऊ असला की धोका दुप्पट होतो!"

"आम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हणाले.

"आम्ही एका पेशंटची माहिती दुसऱ्याला देत नाही," तुम्ही म्हणालात. दाराबाहेर टीव्हीवर दादाचं तोंड हलत होतं.

तिथून आम्ही तडक दुकानात गेलो. मी म्हटलं, "भाऊजी, मुतखडा होता ना?" दादाच्या हातातली मापाची पट्टी खाली पडली.

"दवाखान्यातल्यांनी सांगितलं, ही फिल्म बाहेरगावीच दाखवतो," तो पुटपुटला.

"अहो, यांना का नाही सांगितलंत?"

"हा दिवसभर चेष्टा करतो. याला काय सांगू? ऑपरेशनपासून दादा हसला की पँट ओली होते, दादा लंगोट बांधून दुकानात बसतो, हे?" मग भावाकडे न बघता म्हणाला, "मला वाटलं, काढलं म्हणजे संपलं. हे भावालाही होऊ शकतं, हे मला काय ठाऊक? देवाशपथ, कोणी बोललं असतं तर तुला फरफटत नेलं असतं रे."

माझा नवरा स्टुलावर बसला. "शर्ट तरी परत दे," म्हणाला. कोणीच हसलं नाही.

दादाने लपवलं, ते लाजेने लपवलं. त्याचा आणि माझा हिशोब घरात होईल. तुम्हाला कसली लाज होती? दादानेच सांगितलं, कॅमेऱ्यासमोर दिवे लावलेत, त्याला पुन्हा पुन्हा बोलायला लावलंत, "जरा हसून बोला काका" म्हणालात. हसल्यावर त्याचं काय होतं हे ठाऊक असून! माझ्या घरी येऊन सांगा, असं मी म्हणत नव्हते. त्याच्या कानात म्हणायचं होतं, "भावाला तपासून घे." त्याने शर्ट मागायच्या आधी. तेव्हा कदाचित यांची गाठ ग्रंथीतच असती.

पुढच्या इंजेक्शनला मी यांना घेऊन येणार आहे. आम्ही त्याच बाकावर बसू, त्याच टीव्हीखाली. तेव्हा बाहेर या आणि यांच्या तोंडावर सांगा, का नाही बोललात?