टोळाचं नाव घासायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना चषक आहे. दिसायला चांदीचा, आतून पितळेचा. वरचा मुलामाही आता ठिकठिकाणी गेला आहे. मुलं मला कप म्हणतात. बक्षीस समारंभाच्या दिवशी तेवढा मी चषक होतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कप. मला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मला फारसं कशाचंच काही वाटत नाही. धातूची जात पडली. तापवलं की तापायचं, ठेवलं की गार व्हायचं. तेव्हा मी जे सांगेन ते घडलं तसं सांगेन. रडगाणं गाणार नाही.

मला भांडी घडवणाऱ्या एका कारागिराने केलं. पितळेचा पत्रा फिरवून फिरवून त्याने माझं पोट काढलं, मग दोन कान वेगळे करून डाख देऊन जोडले. त्याची बायको चहा घेऊन आली आणि बघताच म्हणाली, "अहो, डावा कान वर चढलाय की!"

"जिंकणारा काय कान मोजत बसणार आहे?" असं म्हणून त्याने चहा घेतला.

झालं. तो कान अजून वरच आहे. मग मुलामा चढला आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळून, एका ब्रदरच्या मांडीवर बसून, बसने इथे आलो.

ही पाद्र्यांची निवासी शाळा. घंटेवर उठायचं, घंटेवर चॅपलमध्ये जायचं, घंटेवर जेवायचं आणि दिवे मालवले की बोलायचं नाही, असा इथला कारभार. मला आणणाऱ्या ब्रदरकडे खेळ होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असे, म्हणून सगळे त्यांना शिट्टी ब्रदर म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

मी टेकडीच्या शर्यतीचा चषक. शाळेच्या फाटकातून निघायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, टेकडीवरच्या क्रुसाला हात लावायचा आणि धावत येऊन चॅपलच्या पायरीवर थांबायचं. जो पहिला येईल त्याचं नाव माझ्यावर. भांड्यांवर नावं घालणारा एक माणूस छिन्नी-हातोडी घेऊन यायचा आणि टुकटुक करत नाव कोरून जायचा.

पण शिट्टी ब्रदरांची एक रीत होती. जिंकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणायचे, "जिंकलास ना? मग आता घास!"

म्हणजे वर्षभर दर शनिवारी, मुलं नळाच्या ओट्यावर कपडे धुवायला बसली की, विजेत्याने तिथेच बसून मला घासायचं. पॉलिश आणायला खर्च कोण करणार? म्हणून दात घासायची पांढरी पावडर आणि जुन्या बनियनचा तुकडा. ब्रदरांना वाटायचं, याने मुलाच्या डोक्यात हवा जाणार नाही. झालं उलटंच. जो तो आपल्याच नावावर पावडर ओतायचा आणि तेच खसाखसा घासत बसायचा. बाकीच्यांच्या नावांवरून नुसता ओला हात. अति तिथे माती म्हणतात ना, तसं झालं. ज्याला आपल्या नावाची हौस जास्त, त्याचं नाव लवकर गेलं.

आणि काय काय मुलं होती ती! माझ्या कपाटाच्या वर भिंतीवर त्यांचे फोटो आहेत. एक न्यायाधीश झाला. एक मोठा सर्जन झाला. तो मला घासण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचा, तेव्हाच कळायला हवं होतं. एक बिशप झाला. एक मंत्री झाला. त्याने मला एकदाही घासलं नाही, खाऊ देऊन दुसऱ्यांकडून घासून घेतलं. माझ्या शेजारी फुटबॉलच्या ढाली आहेत, पोहण्याचे करंडक आहेत, आणि आमच्या संघाने एका वर्षी एकही गोल न खाता जिंकलेला तो जाडजूड पेलाही आहे. तो फार बोलतो. मी ऐकत नाही.

सगळ्यात मोठा फोटो दम्याचा. धावताना हा पोरगा भात्यासारखा आवाज करायचा, म्हणून दम्या. पुढे तो देशासाठी धावला. परदेशातल्या भल्यामोठ्या मैदानात धावला आणि पदक घेऊन आला. पाहुणे आले की मुलं त्यांना फोटो दाखवतात आणि मग माझ्यावर त्याचं नाव शोधतात. ते सापडत नाही. दम्याने ते अंगठ्यानेच घासून घासून संपवलं.

या दम्याला शाळेत असताना एकदाच एकाने हरवलं. त्याला सगळे टोळ म्हणत. पाय लांब, धावणं कसलं, उड्याच. त्या वर्षी टेकडी उतरताना तो दम्याच्या शेजारून हसत हसत पुढे निघून गेला आणि चॅपलच्या पायरीवर बसून दम्या यायची वाट बघत राहिला. दोघे एकाच बाकावर बसणारे. दम्या पोचल्यावर त्याला शिव्या देणार होता, पण श्वासच नव्हता. दुसऱ्या दिवशी टोळाचं नाव माझ्यावर कोरलं गेलं.

मग टोळाला ताप आला. आजाऱ्यांच्या खोलीत त्याला ठेवलं, तिथून हॉस्पिटलमध्ये नेलं. तो परत आला नाही.

त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. बरोबर त्याची धाकटी बहीण होती, छोटी. तिला अजून वाचता येत नव्हतं. शिट्टी ब्रदरांनी तिला उचलून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "हे बघ, दादाचं नाव." तिने एका अक्षरात बोट घातलं आणि ते बराच वेळ काढलं नाही. मला काही वाटलं नाही. मी नवा होतो, आणि कोरीव काम ताजं होतं.

नंतर ब्रदर मला दम्याकडे घेऊन गेले. म्हणाले, "दुसरा तू आला होतास. आता तू घास."

"मी जिंकलो नाही, ब्रदर," दम्या म्हणाला, आणि हात मागे बांधून उभा राहिला.

ब्रदरांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्या वर्षी मला कुणी हात लावला नाही. मी काळा पडलो. कपाटासमोरून मुलं जायची, यायची. काळं पडताना दुखत नाही, मित्रांनो. फक्त समोरचं काही आपल्यात दिसेनासं होतं.

पुढच्या वर्षी दम्या जिंकला. मग त्याने मला घासलं. सगळा काळेपणा काढला, पण टोळाच्या नावावर डावा अंगठा दाबून धरला आणि भोवतीने घासलं. त्याच्यानंतर जो जिंकला त्याला दम्याने बजावलं, "इथे अंगठा ठेवायचा. टोळाचं नाव घासायचं नाही." त्याने पुढच्याला सांगितलं, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. टोळ कोण हे माहीत नसलेली मुलंही अंगठा ठेवू लागली. शिट्टी ब्रदर म्हातारे झाले आणि गेले. ही रीत तेवढी राहिली.

त्यामुळे झालं असं की सगळी नावं झिजली आणि टोळाचं एकट्याचं नाव कोरल्या दिवसासारखं राहिलं. छोटी दर वर्षी बक्षीस समारंभाला यायची. मोठी झाली, कपडे शिवू लागली, केस पांढरे झाले, तरी शाळेत तिला सगळे छोटीच म्हणत. ती पर्समधून सुई काढायची आणि टोळाच्या अक्षरांत बसलेली धूळ टोकाने हळूच उकरायची. मग बोट फिरवायची आणि घरी जायची. कुणी तिला चहा विचारला तर म्हणायची, "नको, कामं पडलीत."

मग शाळेचा मोठा वाढदिवस जवळ आला. माजी विद्यार्थ्यांची बैठक भरली. न्यायाधीश झालेला माजी विद्यार्थी मला हातात घेऊन म्हणाला, "अहो, हा काय अवतार! एवढे पाहुणे येणार आणि यावर आमचं एकाचंही नाव वाचता येत नाही. नवा मुलामा द्या. नावं पुन्हा कोरून घ्या, एकसारखी."

मुलामा देणाऱ्याला बोलावलं. त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं आणि सांगितलं, "आधी सगळं घासून सपाट करावं लागेल. बाकीची गेलेलीच आहेत. हे एकच खोल आहे, याच्यावर घासायचं चाक जास्त वेळ धरावं लागेल."

शाळेचे प्रमुख, फादर रेक्टर, भला माणूस. ते म्हणाले, "ज्याचं हे नाव, त्याच्या बहिणीला विचारल्याशिवाय मी चषक देणार नाही."

छोटी आली. दम्याही आला होता, गुडघे धरत धरत. तिघे माझ्याभोवती बसले. फादरांनी सगळं नीट समजावलं आणि शेवटी म्हणाले, "नाव परत कोरलं जाईलच, ताई. आहे त्याच जागी."

छोटी म्हणाली, "फादर, ट्रंक गंजून गेली. फोटो होता, त्यातला चेहरा उडाला. आईबाबा गेले. दादाला पाहिलेलं माणूस म्हणजे आता मी आणि हे दम्यादादा. ही अक्षरं मी तेव्हा बोटाने चाचपली होती. नवी कोरली तर ती ही अक्षरं नव्हेत. मला नाही सोसणार."

"मग नको," दम्या लगेच म्हणाला. "न्यायाधीशसाहेबांना मी बघतो. शाळेत असताना त्याला गणित मी दाखवलंय."

फादर हसले. मुलामा द्यायचं रद्द झालं. पाहुण्यांसाठी नवा चषक आणायचं ठरलं. मी वाचलो, असं म्हणायला हरकत नाही.

तेवढ्यात यंदाचा विजेता दारात आला. शनिवार होता, तो मला न्यायला आला होता. छोटी इतकी वर्षं समारंभालाच येत होती. मला घासताना तिने कधी पाहिलं नव्हतं. ती उठून मुलाच्या मागोमाग नळाच्या ओट्यापाशी गेली. दम्या लंगडत मागे.

ओट्यावर नेहमीचा गोंधळ. साबणाचा फेस, एकमेकांवर पाणी, "ए, माझा मोजा कुणी घेतला?" अशी बोंबाबोंब. विजेता पोरगा मला गुडघ्यांत धरून बसला. टोळाच्या नावावर अंगठा ठेवला, आपल्या नावावर पावडर ओतली आणि लागला घासायला. जीभ बाहेर, कान लाल. मित्र चिडवत होते, "अरे, भोक पडेल!" त्याला ऐकूच येत नव्हतं.

छोटी बघत राहिली. मग म्हणाली, "सगळे असंच करायचे?"

"सगळे. आपलं नाव जरा जास्तच," दम्या म्हणाला.

"तुम्हीही?"

"माझं तर पार गेलं. न्यायाधीशाचं गेलं, बिशपचं गेलं. खुळी कार्टी सगळी. हौस हो, दुसरं काय."

"आणि दादाने? दादाने कसं घासलं?"

दम्याने नळाकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "छोटी, त्याला शनिवार मिळालाच नाही गं. मंगळवारी नाव कोरलं. गुरुवारी ताप."

छोटीचा चेहरा हलला नाही. माझ्यासारखाच. मग तिने पदर खोचला आणि ओल्या ओट्यावर त्या मुलाशेजारी बसली.

"बाळा, अंगठा काढ," ती म्हणाली. "आणि ती पावडर दे इकडे."

मुलगा घाबरला. "आजी, तिथे घासायचं नसतं."

"माहीत आहे. दे."

तिने टोळाच्या नावावर पावडर टाकली आणि घासू लागली. आधी हळू, मग जोरात, मग त्या मुलासारखीच, जीभ बाहेर काढून. फडक्यावर काळं आलं, किती वर्षांचं काळं. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण हाताला पावडर होती. दम्या नळाला टेकून उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. मला कशाचं काही वाटत नाही असं मी सांगितलं होतं. त्या दिवशी मला वाईट वाटलं. वाटलं ते वाटलं.

उठताना छोटीने त्या मुलाला सांगितलं, "आता अंगठा ठेवायचा नाही. सगळ्यांबरोबर याचंही घासायचं. पुढच्यालाही हेच सांग."

तेव्हापासून टोळाच्या नावालाही पावडर लागते. कपाटातला जाडा पेला म्हणतो, तुझं एकमेव चांगलं नाव घालवलंस. तो काचेबाहेर कधी गेलाच नाही, त्याला काय सांगायचं?

मित्रांनो, तुमच्याही शाळेत असा एखादा कप असेल. आपल्या माणसाची एखादी वस्तू घरात असेल. ती जपा, नाही कोण म्हणतं? पण नुसती अंगठ्याखाली धरून ठेवू नका. तिला हात लागू द्या, पाणी लागू द्या, चार पोरांचा गोंधळ ऐकू द्या. झिजली तर झिजू द्या.

परवा छोटी आली होती. पर्समधून सुई काढली नाही. डोळे मिटून माझ्यावरून बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

"दम्यादादा, पहिलं अक्षर आता बोटाला लागत नाही," ती म्हणाली.

दम्याचा चेहरा पडला. "तरी मी म्हणत होतो. थांबवू का पोरांना?"

"नका थांबवू," छोटी म्हणाली. "तुमच्यासारखाच मोठा व्हायला लागलाय दादा."