काठ लागेपर्यंत एकही प्रश्न नाही

घरात तिला 'चौकशी खिडकी' म्हणत. नाव ठेवलं नवऱ्यानं, उचलून धरलं मुलीनं, आणि सासऱ्यांनी ते मिशीतल्या मिशीत हसून मान्य केलं होतं. कुलूप लावल्यावर ती ते ओढून बघायची, मग जिना उतरून खाली आली की 'गॅस बंद केला होता ना?' म्हणून पुन्हा वर जायची. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. तिथे हीच खोड गुण ठरली होती. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख ती दोनदा वाचून गिऱ्हाइकाला दाखवायची, म्हातारी माणसं तिच्याचकडून औषध घ्यायला थांबून राहायची. घरी मात्र त्याच खोडीची टिंगल व्हायची. माणसाचं कौतुक बाहेर आणि थट्टा घरात, हे काही तिच्याच वाट्याला आलेलं नाही.

बोटीचं खूळ सासऱ्यांच्या गुडघ्यांपासून सुरू झालं. म्हातारबुवांना एकच नाद, तळ्यावर जाऊन गळ टाकून बसायचं. गेल्या वर्षी शेवाळावरून त्यांचा पाय सटकला आणि ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. डॉक्टरांनी निसरड्या काठावर उतरायला बंदी केली. तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून गळाचे दोरे सोडवायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. ते बघून नवऱ्याच्या पोटात तुटलं. "आपण बोट घेऊ," तो म्हणाला. "बाबा आरामात बाकावर बसतील. सुट्टीच्या दिवशी सगळेच जाऊ."

नवरा कवळ्या बनवायचा. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासून घासून बसवणारा माणूस, घरी आला की मोबाईलवर बोटींचे व्हिडिओ बघू लागला. जेवताना दुसरा विषय नाही. "लाकडी बोटीची निगा फार. फायबरला तडे जातात. ॲल्युमिनियमची म्हणजे कसं, आपल्या पातेल्यासारखं. आपटलं तर पोचा येईल, फुटणार नाही."

"पातेलं रिकामं असेपर्यंत तरंगतं," ती म्हणाली.

सगळे हसले. तिला मात्र हसू येत नव्हतं. तिला पोहता येत नव्हतं, सासऱ्यांचं पोहणं सुटून जमाना झाला होता, आणि नऊ वर्षांची पोर, जिला घरात भिंगरी म्हणत, ती जमिनीवरसुद्धा एका जागी टिकत नसे. भाजी चिरताना, दुकानात पाकिटं मोजताना तिच्या मनात एकच विचार यायचा. बोट उलटली, तर आधी हात कुणाचा धरायचा, पोरीचा की म्हाताऱ्याचा? मग ती पाकिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

बोटवाल्याचं आवार तळ्याला लागूनच होतं. पत्र्याची शेड, बाहेर ओळीनं उपड्या आणि उताण्या बोटी, सगळीकडे ग्रीसचा वास. बोटवाला जाडजूड, शांत माणूस होता. त्यानं तीन बोटी दाखवल्या. पहिली अरुंद होती, नवरा एका बाजूला टेकला तर ती जमिनीवरच कलली. दुसरी खोल आणि ऐटबाज, पण तिला मोटर लागणार आणि उचलायला चार माणसं. तिसरी जुनी होती, रुंद, चपट्या बुडाची, ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेली. तिला तीन बाक होते. सासऱ्यांनी मधल्या बाकावर हात फिरवला आणि तो तिथेच ठेवला. कुणाला काय आवडलंय ते सांगायची गरज राहिली नाही.

ती मात्र विचारतच होती. रिव्हेट ढिले होतात का? बाकांना खालून काय लावलंय? माणूस उभा राहिला तर? पाऊस आला तर? बोटवाल्यानं सगळी उत्तरं नीट दिली. "बाकांना खालून फोम लावलाय ताई. पाण्यानं भरली तरी तळाला नाही जायची."

"पण भरेल कशानं?"

नवरा कानकोंडा झाला. त्यानं तिला शेडच्या कडेला नेलं. "ऐक. आता तो आपल्याला ही बोट चालवून बघायला देणार आहे. एक ठरवू. आत्तापासून परत काठ लागेपर्यंत तू एकही प्रश्न विचारायचा नाहीस. नाही विचारलास, तर बोट घ्यायची की नाही हे तू ठरव. नको म्हणालीस तर विषय संपला, मी पुन्हा नाव काढणार नाही."

"आणि विचारला तर?"

"तर हीच घ्यायची. आणि हा तुझा शेवटचा प्रश्न."

तिनं क्षणात मान डोलावली. एवढा स्वस्त सौदा तिला जन्मात मिळाला नव्हता. अर्धा तास तोंड मिटून बसायचं, की बोटीचं भूत कायमचं उतरलं.

बोटवाल्यानं लाईफ जॅकेटं दिली, शेडमधल्या खिळ्यावरून काहीतरी काढून नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं, एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तो तिकडे वळला. वल्ही अडकवायच्या दोन कड्या होत्या, त्या नवऱ्यानं लावल्या. उरलेली एक छोटी वस्तू त्यानं शर्टाच्या खिशात टाकली. सासऱ्यांच्या पोटावर जॅकेटचा पट्टा बसेना, त्यांनी ते गादीसारखं खाली घेतलं. तिनं बोलायला तोंड उघडलं, पण तो प्रश्नच झाला असता, म्हणून मिटलं.

बोट गाड्यावरून पाण्याकडे ढकलताना ती मागे होती. तेव्हा तिला दिसलं. मागच्या बाजूला, अगदी बुडाशी, एक गोल भोक. अंगठा जाईल एवढं. आरपार. हे काय आहे, एवढंच विचारायचं होतं. नवऱ्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिचकावले.

असेल काहीतरी, तिनं स्वतःला समजावलं. बेसिनलाही भोक असतंच की. आतून झाकण असेल. बोट विकणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. माणसाला गप्प बसायचं असलं की कारणांना तोटा नसतो.

ती मागच्या बाकावर बसली. मध्ये नवरा, तिच्याकडे तोंड करून वल्ही मारत. त्याच्या पाठीमागे, पुढच्या बाकावर सासरे आणि भिंगरी. तळं शांत होतं, आणि म्हणूनच तिला जास्त भीती वाटत होती. काठावरची शेड लहान लहान होत गेली. सासऱ्यांनी घरून आणलेला गळ पाण्यात सोडला होता, आमिषाचा डबा शेजारी होता, त्यांची पाठ किती दिवसांनी अशी सैल झालेली तिनं पाहिली.

"चेहरा बघ," नवरा हसत म्हणाला. "तोंडी परीक्षेला बसल्यासारखा."

तिच्या तळपायांना गार लागलं. बुडावर फळ्या टाकल्या होत्या, त्यांच्या फटीतून पाणी वर आलं होतं. तिनं पाय उचलून घेतले.

"वल्ह्यांचं पाणी ठिबकतं गं," नवऱ्यानं न विचारताच सांगितलं. "त्या व्हिडिओतही तसंच होतं."

तिनं मान हलवली. फळ्या आता दिसेनाशा होत होत्या. तिनं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. ते भोक तिच्या बाकाच्या खालीच होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं ओठ आवळून धरले. थोडाच वेळ. आता तो वळवेल, काठ येईल, मग मी नको म्हणेन, मग आयुष्यभर नको. एका अंगानं ती भीतीनं थरथरत होती आणि दुसऱ्या अंगानं पैज जिंकत होती.

"आजोबा, ओढतंय! काहीतरी ओढतंय!" भिंगरी उठून उभी राहिली.

बोट जड झाल्यासारखी एका बाजूला झुकली आणि बुडातलं सगळं पाणी त्या बाजूला धावलं. पोर धडपडली, तिचा एक हात कडेबाहेर पाण्यात गेला. सासऱ्यांनी हातातला गळ सोडून देऊन तिला कवेत ओढलं.

"खाली बस. हलू नकोस," ते ओरडले. त्या घरात त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बुडाशी ते गोल भोक आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "ते कशानं बंद केलंय?"

नवऱ्याची वल्ही थांबली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा हात खिशाकडे गेला आणि पितळेचं, आट्यांचं एक बूच घेऊन बाहेर आला. तिनं ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं, गुडघे टेकले आणि बाकाखाली चाचपडायला लागली. पाणी मनगटाच्या वर आलं होतं. भोक सापडलं तेव्हा बाहेरचं पाणी तिच्या अंगठ्याला ढकलत होतं. तिनं अंगठा दाबून धरला. मग तो काढून बूच बसवलं. पहिल्यांदा आटे लागले नाहीत. दुसऱ्यांदा लागले. बूच घट्ट झाल्यावरही ती फिरवतच राहिली.

सासऱ्यांनी आमिषाचा डबा रिकामा करून पुढे केला. ती पाणी उपसत राहिली, नवरा वल्ही मारत राहिला. भिंगरी आजोबांच्या पोटाला घट्ट चिकटून बसली होती, आणि ती एका जागी बसली आहे हे बघूनच तिच्या आईला रडू यायला लागलं.

बोटवाला गुडघाभर पाण्यात धावत आला. "बूच हातात दिलं होतं की साहेब. पावसाचं पाणी साचू नये म्हणून आम्ही सगळ्यांची काढून ठेवतो. मीच बघायला हवं होतं."

"मला वाटलं, जास्तीचं आहे," नवरा म्हणाला. काठावर आल्यावर तो चिखलातच बसला. मग तो तिला म्हणाला, "बरं झालं विचारलंस. तुला पाणी बघून संशय आला ना?"

ती पोरीचे केस पुसत होती. हात थांबले.

"नाही," ती म्हणाली. "इथेच पाहिलं होतं मी. बोट पाण्यात जायच्या आधी. आरपार दिसत होतं."

नवऱ्यानं वर पाहिलं. सासऱ्यांनीही.

"मग बोलली का नाहीस, आई?" भिंगरीनं विचारलं.

तिला सांगता आलं असतं, की बाबांनी बोलू नको म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. "मला जिंकायचं होतं," ती म्हणाली, आणि तिच्या अंगावर काटा आला. पाण्याची भीती तिला जुनीच होती, तिच्याबरोबर ती कशीबशी संसार करत आली होती. पण पोर समोर बसलेली असताना, सगळं दिसत असताना, आपण तोंड मिटून बसू शकतो, ही भीती नवीन होती. आणि हिला काठ नव्हता.

नवऱ्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "पैज-बिज काही नाही. तू म्हणशील ते. नको म्हण, आत्ता निघू."

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते बोटीकडे बघत नव्हते, मुद्दाम शेडकडे बघत होते. आज नको म्हटलं, तर एक दिवस कुणाला न सांगता ते त्याच निसरड्या काठावर जातील, हे तिला कळलं.

"हीच घ्या," ती म्हणाली. "पण मी येणार. दर वेळी."

"घाबरशील तू."

"घाबरणारच आहे." ती उठली. ती बोटवाल्याकडे गेली आणि तिनं विचारायला सुरुवात केली, बूच कोणत्या बाजूनं फिरतं, झिजतं का, दुसरं मिळेल का. नवरा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि एकेक उत्तर कान देऊन ऐकू लागला.